नांगर घडविणारा शिक्षक : लक्ष्मणराव किर्लोस्कर

झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ यांच्या दर्शनासाठी कुंडल क्षेत्री जाणारे भाविक आगगाडीने आले, तर ते किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरतात. या स्थानकाचे मूळ नाव कुंडल रोड. शेजारच्या माळावर १९१० साली उभ्या राहिलेल्या एका कारखान्यामुळे आणि त्याभोवती वसलेल्या गावामुळे ते नाव मागे पडले. ज्या गृहस्थांच्या आडनावाने हे गाव आज ओळखले जाते, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर नव्हते. मात्र ते काही वर्षे यंत्रविद्येच्या एका नामांकित संस्थेत शिक्षक होते. आपल्या समाजातील अनेक न्यास आज तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये चालवितात, आणि त्यांतील अभ्यासक्रमांत ‘डिझाइन थिंकिंग’ व ‘उद्योजकता’ हे विषय गेल्या काही वर्षांत दाखल झाले आहेत. हे विषय फळ्यावर कसे शिकवावेत, असा प्रश्न पडलेल्या प्राध्यापकांना लक्ष्मणरावांच्या चरित्रातून बरेच काही मिळण्यासारखे आहे, म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्या चरित्राचे स्मरण करीत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे मन मात्र शालेय पुस्तकांत रमले नाही. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्रकलेची आणि दुसरी यंत्रांची. घरातून फारसे प्रोत्साहन नसतानाही थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे सर्वांचे रामूअण्णा, यांनी पाठीशी उभे राहून धाकट्या भावाला मुंबईस पाठविले आणि लक्ष्मणराव जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक विचित्र अडचण पुढे आली. रंगांतील काही भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नसत. रंग ज्याला नीट दिसत नाहीत त्याने चित्रकार कसे व्हावे? दुसरा एखादा विद्यार्थी गावी परत गेला असता. लक्ष्मणरावांनी रंगाचे काम सोडले आणि रेषेचे धरून ठेवले. यांत्रिक रेखाटनात रंगाला महत्त्व नसते. तेथे माप, प्रमाण आणि वस्तूच्या आत डोकावण्याची दृष्टी लागते. ही विद्या त्यांनी आत्मसात केली आणि तिच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्थेत, त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

या नोकरीचा त्यांनी जो उपयोग करून घेतला तो लक्षात घेण्यासारखा आहे. रेखाटनाचा तास संपला की शिक्षकाचे काम संपले, असे समजण्यास कोणाची हरकत नव्हती. परंतु लक्ष्मणराव संस्थेच्या कर्मशाळेत जात, यंत्रे चालताना पाहत, स्वतः हात काळे करीत. कागदावर काढलेला चाकाचा दात लेथवर कापताना कोठे अडतो, साच्यात ओतलेला रस थंड होताना किती आकसतो, या गोष्टी रेखाटनाच्या पुस्तकात सापडत नाहीत. यंत्रविषयक इंग्रजी नियतकालिके ते आवडीने वाचीत. शिकविणारा माणूस स्वतः शिकत राहिला तर वर्गाला काय लाभते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पण आपल्याकडे रेखाटनाचे दालन आणि कर्मशाळा यांमधील भिंत आजही पुष्कळ ठिकाणी उंचच आहे.

याच सुमारास मुंबईत दुचाकी दिसू लागल्या होत्या. लक्ष्मणरावांनी त्या मुंबईत खरेदी करून बेळगावी पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी तेथे विकाव्यात, असा व्यवहार दोघा भावांनी सुरू केला. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते. दुचाकी विकत घेणाऱ्याला ती चालविता येत नसे, म्हणून रामूअण्णा शुल्क घेऊन चालविण्यास शिकवीतही असत. ज्या गावाने ही वस्तू कधी पाहिलीच नाही, तेथे ती विकायची तर ती वापरण्याचे शिक्षणही विक्रेत्यालाच द्यावे लागते. हा धडा पुढे नांगराच्या वेळी कामी आला.

नोकरीतील बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावी आले. या प्रसंगाचे वर्णन स्वाभिमानाची गाथा म्हणून नेहमी केले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. नोकरी सोडताना त्यांच्या हाताशी बेळगावचे दुकान होते, बाजाराची थोडीबहुत ओळख होती, आणि हिशेब व माणसे सांभाळणारा भाऊ होता. आपल्या महाविद्यालयांतील उद्योजकतेच्या व्याख्यानांत नोकरीवर लाथ मारणाऱ्या एकाकी वीराचे चित्र रंगविले जाते. ते तरुणांना दिपवते आणि त्यांची दिशाभूलही करते. लक्ष्मणरावांनी उडी घेतली ती खालची जमीन चाचपून.

बेळगावी लहानशा यंत्रसाहित्यानिशी त्यांनी प्रथम जी यंत्रे केली, त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते. कडब्याची अख्खी पेंढी जनावरापुढे टाकली तर ते पाने आणि कोवळा भाग खाते, जाड बुडखे पायाखाली तुडवते. तोच कडबा बारीक कापून घातला तर वाया जाणारा चारा वाचतो. जेथे दर काही वर्षांनी अवर्षण ठरलेले, तेथे या वाचलेल्या चाऱ्यावर बैलांची जोडी जगते. विलायती कारखान्यांच्या सूचिपत्रात कोणते यंत्र शोभिवंत दिसते, हे पाहून केलेली ही निवड नव्हती. शेतकऱ्याच्या गोठ्यात रोज काय फुकट जाते, हे डोळ्यांनी पाहून केलेली होती.

नांगराची कथा अधिक कठीण आहे. आपला लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, गावच्या सुताराने घडविलेला आणि बैलजोडीला पेलणारा. तो जमीन चिरतो, पण माती उलटी करीत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. वरवरच्या नांगरटीने ती मरत नाहीत, उलट तुकडे होऊन जोमाने वाढतात. लोखंडी नांगराचे वक्र पाते मातीचा थर खालून उचलते आणि कुशीवर टाकते, त्यामुळे तणाची मुळे उन्हात उघडी पडतात आणि उन्हाळ्याच्या तापाने वाळून जातात. विलायती नांगर हेच काम करीत आणि ते बाजारात मिळतही. परंतु ते दुसऱ्या देशाच्या मातीसाठी आणि जनावरांसाठी घडलेले होते. लक्ष्मणरावांनी १९०३ साली स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा काळ होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सुशिक्षित माणसाने अशा वेळी शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे व्हावे, हे सोपे असते. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? त्याच्याजवळ एकच जमीन असते. प्रयोग फसला तर सारे वर्ष बुडते आणि सावकाराचे व्याज मात्र चालू राहते. शिवाय जड नांगराला एका जोडीने भागत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बैल मागून आणावे लागतात. विषाची समजूत शास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नव्हती, पण तिच्यामागची सावधगिरी शहाणपणाची होती. म्हणून युक्तिवादाने ही अढी जाण्यासारखी नव्हती. शेतात नांगर धरून दाखविणे आणि शेजारच्या रानातील पीक लोकांना पाहू देणे, एवढाच मार्ग उरतो, आणि त्याला हंगाम लागतात.

नांगरातील खरा पेच फाळात असतो. फाळ मऊ असला तर मुरमाड जमिनीत चार दिवसांत बोथट होतो. तो कठीण करावा तर दगडावर आदळून तुटतो. कठीण पण ठिसूळ नाही, असे ओतकाम साधण्यासाठी लोखंडाची प्रत, साच्याची रीत आणि थंड होण्याचा वेग ही सारी गणिते ओतशाळेत पुनःपुन्हा मांडावी लागतात. पुढची गोष्ट म्हणजे फाळ झिजणारच. तो झिजला की शेतकऱ्याला तो सहज बदलता आला पाहिजे आणि ऐन हंगामात नवा फाळ जवळच्या बाजारात मिळाला पाहिजे. म्हणजे आराखडा केवळ नांगराचा करून भागत नाही. दुकानदार, सुटे भाग, बैलांची ताकद, गावच्या लोहाराचे कसब, हे सारे त्या आराखड्यात धरावे लागते. हल्ली ज्याला वापरकर्त्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करणे म्हणतात, ते प्रत्यक्षात इतके धुळीचे आणि चिकाटीचे काम आहे. कार्यशाळेत भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून त्याची सुरुवात होते खरी, पण पुढे शेताच्या बांधावर जाण्याचा कंटाळा केला की सारे तेथेच थांबते.

धंद्याला जरा उभारी येते तोच बेळगावच्या नगरपालिकेने वसाहतवाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. त्या वेळी लक्ष्मणराव औंध येथे बांधकामाच्या एका कामात गुंतले होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, गुणांचे पारखी आणि प्रजेच्या उन्नतीची कळकळ असलेले राजे. त्यांनी आपल्या संस्थानात कोठेही जागा निवडावी, असे सुचविले आणि कर्जाचेही साहाय्य केले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ निवडला. निवडुंगाने आणि सापांनी भरलेली ती बत्तीस एकर जमीन पाहून कोणालाही नवल वाटले असते. पण तेथून आगगाडी जात होती. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा आणि नांगर पाठवायचे, तर रेल्वेच हवी. निवडुंग तोडता येतो. १० मार्च १९१० रोजी तेथे वस्तीस आरंभ झाला.

या वस्तीत जमलेली माणसे हा स्वतंत्र विषय आहे. रामूअण्णा गावाची व्यवस्था पाहत. शंभोराव जांभेकर, अभियांत्रिकीचे शिक्षण अपुरे राहिलेले अनंतराव फळणीकर, हिशेब व कोठार सांभाळणारे मंगेशराव रेगे, अशी निरनिराळ्या स्वभावांची मंडळी लक्ष्मणरावांनी एकत्र केली. प्रशस्तिपत्रापेक्षा हाताचा गुण आणि वृत्ती ते पाहत. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने दूर लोटलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपविली आणि त्या माणसांनी ती निभावली. वाडीत अस्पृश्यता पाळली जाणार नाही, असा त्यांचा दंडक होता. त्या काळी, त्या मुलखात, ही लहान गोष्ट नव्हती.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायती नांगर येईनासे झाले. देशी नांगराला मागणी वाढली, पण त्याच युद्धाने लोखंडही दुर्मीळ केले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी जुन्या निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. ही हकीकत आपल्या भागात सर्वश्रुत आहे. येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. औंधचा राजा आणि कोल्हापूरचा छत्रपती हे दोघे पाठीशी नसते, तर लक्ष्मणरावांच्या बुद्धीला आणि श्रमाला कितपत यश आले असते, हा विचार केला पाहिजे. उद्योजक घडविण्याची भाषा बोलताना आपण विद्यार्थ्याकडून धाडसाची अपेक्षा करतो. त्याला जागा, उसने भांडवल आणि पहिल्या अपयशानंतरची दुसरी संधी कोण देणार, याचे उत्तर संस्थांनी आणि समाजानेही द्यावयाचे असते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव घेतल्याशिवाय ही हकीकत आपल्या वाचकांना अपुरी वाटेल. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले भाऊराव ऐन तारुण्यात ओगले काच कारखान्याचे आणि त्यानंतर किर्लोस्करांच्या नांगराचे फिरते विक्रेते होते. नांगर घेऊन ते गावोगाव हिंडले, शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसले. त्यांच्या अडचणी, त्यांचे अज्ञान आणि त्यांची जिद्द ही सारी त्यांनी जवळून पाहिली. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे श्रमातून शिक्षण घेण्याची ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाराष्ट्रात रुजविली. नांगराच्या फेऱ्यांतून त्या संस्थेचा उगम झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण भाऊरावांवर सत्यशोधक चळवळीचे आणि शाहू महाराजांच्या सहवासाचे संस्कार आधीच झालेले होते. तरीही खेड्यातील माणसाला काय हवे आहे, हे त्याच्या दारी जाऊन पाहण्याची सवय विक्रेत्याच्या कामात अंगी बाणते, एवढे निश्चित म्हणता येईल.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याच्या जोडीला १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आले. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांचे विचार या मासिकांनी घडविले, आणि त्यांचे मूळ एका नांगराच्या कारखान्यात होते. इकडे कारखान्यात उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप होऊ लागले. शेतीच्या कामांचा माग घेत गेले की पुढचे यंत्र आपोआप सुचते, अशी ही वाटचाल होती.

लक्ष्मणरावांनी औपचारिक शिक्षणाला कधी तुच्छ लेखले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. स्वतःला पदवी नसलेले यशस्वी गृहस्थ पदवीची थट्टा करताना आपण पाहतो. लक्ष्मणरावांनी चिरंजीव शंतनुरावांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पाठविले. १९२६ साली यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन शंतनुराव परतले ते वाडीच्या कारखान्यात. वडिलांची नजर आणि हात, मुलाचे गणित आणि शास्त्र, या दोहोंच्या संगमातून पुढील विस्तार झाला. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरूस विद्युत् यंत्रांचा उद्योग उभा राहिला. दोन पिढ्यांच्या शिक्षणपद्धती इतक्या भिन्न असूनही एकाच कारखान्यात नांदल्या, याचे श्रेय दोघांनाही द्यावे लागेल. आपल्या महाविद्यालयांत अनुभवी कारागीर आणि पदवीधर प्राध्यापक यांची अशी सांगड क्वचितच दिसते. कर्मशाळेतील निदेशकाला अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळात जागा नसते.

१९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९५५ साली त्याला शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. सोलापूरच्या जैन कुटुंबातील वालचंदशेठ हेही अभियंता नव्हते. गाजलेल्या बांधकामांच्या धंद्यात ते शिरले ते रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेल्या लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीने. एकाच परिसरातील अभियांत्रिकी शिक्षणाशी आणि उद्योगाशी पदवी नसलेल्या दोन कर्तबगार पुरुषांची नावे जोडली जावीत, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

लक्ष्मणरावांच्या उतारवयात एक दारुण प्रसंग आला. १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविण्यात आला. निवडुंगाच्या माळावर अडतीस वर्षे उभारलेल्या कामाची मोठी हानी झाली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा केला गेला आणि यंत्रे पुन्हा फिरू लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. वाडीच्या कारखान्यात आजही पंप तयार होतात.